बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे

वर्षातून एकदा बाई वर्गात जादू करायच्या. तशी ती जादू नव्हतीच, साधा हिशेब होता. पण हिशेब बघताना मुलं असे चेहरे करत नाहीत. बाई मशीनला एक आकडा द्यायच्या, बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. मग सांगायच्या, यात फक्त एक मिळव. आणि पडद्याकडे पाठ करून, वर्गाकडे तोंड करून शांतपणे म्हणायच्या, "आता बघा."

पडद्यावर उमटायचं, उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून आणखी एक पाऊल वर टाकावं आणि थेट तळघरात निघावं, तसं. वर्गात एकच कलकलाट व्हायचा. बाई वळून पडदा बघायच्या नाहीत. तो आकडा त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेलाच नव्हता. या प्रकाराला त्या आकड्याची कोलांटी म्हणायच्या, आणि कलकलाट ओसरला की कारण सांगायच्या. मशीन आकडा ठेवायला सोळा खण देतं. त्या खणांत मावेल असा सर्वांत मोठा आकडा हा. त्याच्या पुढे जागा नाही, म्हणून आकडा उलटतो आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो.

बाई मुळात टायपिंग शिकवायच्या. जिथं त्या शिकवायच्या तिथं कळांवरची अक्षरं कागदाच्या टोप्यांनी झाकलेली असत, म्हणजे बोटांना डोळ्यांची सवय लागू नये. पुढे शेजारच्या तांत्रिक विद्यालयानं संगणक घेतले. ते आले, खोलीत मांडले गेले, त्यांच्यावर कापडी झाकणं चढली आणि शिकवणारं कुणी मिळेना. तेव्हाच्या प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "कळा त्याच आहेत, बसा," ते म्हणाले. बाई बसल्या. बंद खोलीत, एका जाड पुस्तकाबरोबर, अख्खी सुट्टीभर. सुट्टी संपली तेव्हा त्या मशीनशी बोलायला शिकल्या होत्या.

माणसानं लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा एक दुभाष्या असतो, त्याला कंपायलर म्हणतात. बाईंचा कंपायलर निळा होता. म्हणजे तो उघडला की सगळा पडदा निळा व्हायचा, आणि त्यावर पांढरी-पिवळी अक्षरं. त्या निळ्याला खोली नव्हती आणि उजेडही नव्हता. रंगवलेल्या भिंतीसारखा तो समोर उभा राहायचा, आणि भिंतीकडे बघत राहिलं की माणूस आपोआप स्वतःशी बोलायला लागतो, तशी बाईंची मुलं विचार करायला लागायची. निदान बाईंना तसं वाटायचं. मुलांनी त्यांचं नाव निळ्या बाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. आवडतं हे मात्र त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

निळ्याच्या खोडी त्यांना घरच्या माणसाच्या खोडींसारख्या पाठ होत्या. फाइलला आठ अक्षरांहून मोठं नाव दिलेलं त्याला खपायचं नाही. चूक झाली तर तो नुसती ओळ दाखवायचा, काय चुकलं ते शोधणं तुमच्याकडे. आणि प्रोग्रॅमच्या शेवटी "कळ दाबेपर्यंत थांब" अशी एक ओळ लिहावीच लागायची. ती विसरलात तर उत्तर दाखवून मशीन तोंड फिरवायचं, उत्तर वाचायचं राहूनच जायचं. विद्यालयात मशीन्स बदलली, टेबलं बदलली, खिडक्यांचे पडदे बदलले, निळा राहिला. अगदी नवी मशीन्स आली तेव्हा त्यांना तो झेपेना, म्हणजे उलटं, त्याला ती झेपेनात. मग नव्या मशीनला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्रॅम आणून बसवला. मोठ्या चकचकीत पडद्याच्या मधोमध एवढीशी निळी चौकट. बाई चष्मा पुढे ओढून त्या चौकटीत शिकवायच्या.

आणि मग नवे सर आले. तरुण, हसरे, बोलायला मऊ. त्यांनी एक दिवस चहा पिता पिता सांगितलं, "बाई, राग मानू नका. निळ्यावर शिकलेली पोरं बाहेर कामाला लागली की त्यांचे सुरुवातीचे कितीतरी दिवस विसरण्यात जातात. मीही त्यातलाच. आमच्या कॉलेजातही निळाच होता."

"आणि काय काय विसरलात?"

"बरंच. ती थांबायची ओळ तर बोटांतून जाता जाईना."

बाईंना राग आला नाही. त्यांना नवल वाटलं. विसरण्यात दिवस जातात हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आताचे प्राचार्य वेळेचे भोक्ते होते. तास म्हणजे बस, असं ते म्हणायचे. वेळेत सुटली पाहिजे, वेळेत पोचली पाहिजे. त्यांनी बाईंना खोलीत बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. नव्या सत्रापासून निळा बंद. सगळीकडे नवं टूल, म्हणजे नवा कंपायलर. दोन वर्ग आहेत. दुसरं वर्ष नव्या सरांकडे. पहिल्या वर्षासाठी बाईंनी नव्या टूलवर एक तास घेऊन दाखवायचा. ते स्वतः मागं बसतील. जमलं तर वर्ग बाईंचा. नाही जमलं तर प्रवेशाच्या खिडकीवर माणूस कमीच आहे.

"खिडकीवर त्रास काही नाही," प्राचार्य म्हणाले. "पंखा आहे, खुर्ची चांगली आहे."

"खुर्ची चांगली असणारच," बाई म्हणाल्या. "तिथनं उठायला कारणच नसतं."

खिडकीचा त्यांना तिटकारा नव्हता. पण वर्गात कुणीतरी काहीतरी अचानक विचारतं आणि आपल्याला त्याचं उत्तर येत नसतं, त्या अर्ध्या क्षणासाठी त्या रोज सकाळी घरून निघत होत्या. खिडकीवर लोक विचारतात ते सगळं आधीच छापलेलं असतं.

घरी सून होती. ती घरूनच काम करायची, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, कानाला हेडफोन लावून. दूर कुठल्यातरी दवाखान्यांची सॉफ्टवेअर लिहायची. बाईंचा मुलगा बाहेरगावी नोकरीला, सुट्टीला यायचा. बाईंचे यजमान चष्म्याचं दुकान चालवायचे आणि घरात कुणाचाही चष्मा दिसला की पुसून ठेवायचे. सासूनं शिकव म्हटल्यावर सुनेनं आधी हेडफोन काढले आणि मग जरा संशयानं बघितलं.

"आई, नक्की? मध्येच चिडायचं नाही."

"मी कधी चिडते?"

यजमानांनी पेपरमागून खाकरल्यासारखं केलं.

शिकवणी सुरू झाली. नव्या टूलचा पडदा काळा, त्यावर रंगीबेरंगी अक्षरं. बाईंनी शब्द लिहायला घेतला की तीन अक्षरांत टूल पुढचा शब्द सुचवायचं. चूक पुरी होण्याआधीच तिच्याखाली लाल नागमोडी रेघ यायची.

"हे मला बोलूच देत नाही गं. मी काय म्हणणार ते यालाच आधी ठाऊक."

"मदत करतंय ते."

"अशी मदत करणारा एक माणूस मी घरात पोसतेय. माझं वाक्य निम्म्यावर असतं तोवर..."

"...तो उत्तर देऊन मोकळा," यजमान पेपरमागून म्हणाले.

सून हसून टेबलावर आडवी झाली. पण बाईंनी सोडलं नाही. चूक दाखवताना टूल कारणही सांगतं, हे त्यांना हळूहळू आवडायला लागलं. मग त्या मुद्दाम चुका करू लागल्या, फक्त ते काय म्हणतं ते वाचायला. अर्धविराम काढून बघ. कंस उलटा लावून बघ. थांबायची ओळ घालून बघ. ती ओळ घातली तेव्हा टूलनं सरळ सांगितलं की असलं काही मला माहीत नाही. बाई कितीतरी वेळ त्या वाक्याकडे बघत बसल्या. इतकी वर्षं जे प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी हात जोडल्यासारखं लिहिलं, ते याच्या गावीही नव्हतं.

दाखवायच्या तासाची त्यांनी कसून तयारी केली. प्रत्येक उदाहरण सुनेसमोर करून बघितलं. फक्त कोलांटी तेवढी केली नाही. ती तर त्यांच्या हातचा मळ. तिची कसली तयारी.

त्या दिवशी वर्ग भरला होता. मागच्या बाकावर प्राचार्य, त्यांच्या शेजारी नवे सर. तास सुरेख चालला. बाईंची बोटं काळ्या पडद्यावर अडली नाहीत, सुचवलेले शब्द त्यांनी कुठं घेतले, कुठं ढकलून दिले. प्राचार्यांनी एकदा घड्याळ बघितलं आणि मान डोलावली. मग शेवटचं उदाहरण म्हणून बाईंनी बत्तीस हजार सातशे सदुसष्ट लिहिलं, त्यात एक मिळवला, पडद्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "आता बघा."

वर्गानं बघितलं. कलकलाट झाला नाही. मुलांचे चेहरे होते तसेच राहिले.

पहिल्या रांगेत एक बारीक आवाजाची मुलगी बसायची, तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती म्हणाली, "बघितलं, बाई. पुढे?"

बाई वळल्या. पडद्यावर होतं, बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. अधिक. आकडा सीमेवरून असा पुढे गेला होता की तिथं सीमा असल्याची त्याला खबरच नव्हती. बाईंचे कान तापले. तोंडावर पडणं म्हणजे काय ते त्यांना त्या क्षणी अंगभर कळलं. मागं प्राचार्य नव्या सरांच्या कानाशी लागले होते. आता एक वाक्य बोलून तास आवरता आला असता. "असं हे पुढे चालू राहतं" असं काहीतरी. बस वेळेत पोचली असती.

पण बाईंच्या मनात लाजेच्या मागोमाग दुसरं काहीतरी आत शिरलं, आणि ते लाजेहून धीट निघालं.

"हा इथं उलटायला हवा होता," त्या वर्गाला म्हणाल्या. "निळ्यावर इथंच उलटायचा. मला वाटायचं, सगळीकडेच इथं उलटतो. मग आता कुठं उलटतो?"

"फोनवर बघू, बाई?" हे विचारणारी वकिलीण. तिचं नाव तसं पडलं, कारण कुठल्याही गोष्टीवर तिचा आक्षेप तयार असायचा.

"फोन खाली ठेव. आपणच त्याला चालवू, उलटेपर्यंत."

त्यांनी साधा प्रोग्रॅम सांगितला. एकपासून सुरू कर. आकडा शून्याहून मोठा आहे तोवर एक एक मिळवत राहा. उलटला, उणे झाला, की थांब आणि दाखव. सगळ्यांनी लिहिला, सगळ्यांनी चालवला. पडदे रिकामे राहिले. कुणीतरी जांभई दिली. आणि एकेका मशीनवर, जवळजवळ एकदमच, तो उमटला. उणे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे अठ्ठेचाळीस.

आता कलकलाट झाला. आकडा मोठ्यानं वाचताना निम्म्या वर्गाची बोबडी वळली. बाईंनी खडू घेऊन फळ्यावर खण मोजून दाखवले: सोळाचे बत्तीस झाले होते. त्यांच्या जिवात जीव आला.

"बाई, माझं थांबतच नाही," कोपऱ्यातून वकिलीण म्हणाली.

"लिहिण्यात चुकली असशील."

"अक्षरन् अक्षर तेच आहे. या, बघा की."

बाईंनी बघितलं. खरंच तेच होतं. आणि मशीन थांबत नव्हतं. नवे सर मागून उठून आले. "ते माझं मशीन आहे," ते म्हणाले. "माझं एक काम चालतं त्यावर, म्हणून टूल वेगाच्या सेटिंगवर ठेवलंय. वेगासाठी ते प्रोग्रॅममध्ये थोडी काटछाट करतं. आणि इथं होतं काय, की..."

"सर, थांबा," बाई म्हणाल्या. "सांगू नका."

त्या वर्गाकडे वळल्या.

"तोच प्रोग्रॅम. तेच टूल. एकीकडे थांबतो, एकीकडे थांबत नाही. असं का? मला ठाऊक नाही. सरांना आहे. पण आत्ता त्यांनी सांगितलं तर आपल्याला फक्त उत्तर मिळेल."

"मग आम्हाला काय मिळायला हवंय?" वकिलीण म्हणाली, आणि तेवढ्यात घंटा झाली.

प्राचार्यांनी त्यांना दारातच गाठलं. "बाई, सुरुवात चांगली होती. पण तास शेवटाला गेलाच नाही. तुम्हीच म्हणालात, ठाऊक नाही. आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना गप्प बसवलंत. याला मी काय म्हणू?" मग वळता वळता, "उद्या याच वर्गावर पुन्हा घ्या. हा धडा शेवटाला न्या. मग ठरवू."

घरी गेल्यावर बाईंनी सुनेला सगळं सांगितलं आणि शेवटी बोट उगारून म्हणाल्या, "तुला माहीत असणार. सांगायचं नाही."

"आई, एका वाक्यात आहे."

"तेच ते. एका वाक्यात असेल तर मला सापडेल."

दोघी मटार सोलायला बसल्या. सुनेच्या जिभेच्या टोकावर उत्तर होतं आणि ते तिला सोसवत नव्हतं; ती शेंगांवर राग काढत होती. यजमान दुकानातून आले, दोघींची तोंडं बघून म्हणाले, "भांडण झालंय का?"

"नाही बाबा. आई मला बोलू देत नाहीयेत."

"मग रोजचंच आहे," म्हणत ते हात धुवायला गेले.

बाईंच्या डोळ्यांसमोर तो न थांबणारा प्रोग्रॅम होता. तो आत काय करत असेल? दोन अब्जांचा रस्ता, दिवा नाही, खूण नाही, आणि कुणीतरी चालतंय. थांबायची जागा येऊन गेली का? आली तेव्हा त्याला दिसली नाही, की दिसूनही तो पुढे गेला? मटाराचा एक दाणा त्यांच्या बोटांतून निसटून टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला, आणि त्यांच्या मनात आलं, अख्खा रस्ता कशाला चालायचा? भांडण तर सीमेवर आहे. सीमेजवळच जाऊन उभं राहावं आणि एकेक पाऊल बघावं.

"तुझा लॅपटॉप दे."

"आता कसं," सून म्हणाली आणि सगळ्या शेंगा बाजूला सारल्या.

टूल वेगाच्या सेटिंगवर ठेवायला तिनं मदत केली, तेवढीच. बाईंनी प्रोग्रॅम सीमेच्या अलीकडे थोड्याशा अंतरावरून सुरू केला आणि दर पावलाला आकडा दाखव असं लिहिलं. बाकी तेच, शून्याहून मोठा आहे तोवर मिळवत राहा. चालवला, आणि आकडे इतके भराभर वर सरकू लागले की सुनेनं कळ दाबून ते मध्येच रोखले. मग दोघींनी मागं जाऊन सावकाश वाचले. अधिक, अधिक, अधिक, सीमा. त्याच्या खाली उणे. त्याच्या खाली पुन्हा उणे. त्याच्या खाली उणेच उणे, ओळीनं, संपतच नव्हते.

बाईंनी चष्मा काढला. यजमानांनी तो सवयीनं उचलला आणि पुसू लागले.

"दारावर मी पाटी लावली आहे, फक्त शून्याहून मोठ्यांनी पुढे जावं. आणि उणे आकडे त्याच दारातून चाललेत. कुणी अडवत नाही. म्हणजे दारावर माणूसच नाही."

सुनेनं श्वास धरून ठेवला होता, ते बाईंना दिसलं.

"मी माणूस ठेवला होता. यानं काढून टाकला. का काढला असेल? वेगासाठी, दर वेळी विचारायला वेळ जातो. पण कुणालाही असं उगाच काढत नाहीत. याला वाटलं असणार, गरज नाही. शून्याच्या वरून निघालाय, एक एकच मिळवतोय. शाळेतल्या गणितानं तो कधी उणे होणारच नाही. मग विचारायचं कशाला?"

"हां," सून म्हणाली, आणि धरून ठेवलेला सगळा श्वास त्या हां-मधून बाहेर आला. "आता मी बोलू?"

"बोल."

"भाषेचा नियमच आहे आई, की लिहिणाऱ्यानं आकड्याला सीमेपलीकडे जाऊ द्यायचं नाही. गेला तर काय होईल याची जबाबदारी कंपायलरवर नाही. तो उलटवेल, चालत राहील, काहीही करेल. तुमचा निळा उलटवायचा ती त्याची सवय होती. उलटवीन असा शब्द त्यानं कधी कुणाला दिला नव्हता."

हे बाईंनी दोनदा म्हणायला लावलं. रात्री जेवतानाही त्यांच्या डोक्यात तेच घोळत होतं. एका घरात इतकी वर्षं राहून तिथल्या माणसाच्या सवयीला आपण जगाचा कायदा समजत होतो, आणि तो कायदा दर वर्षी पोरांना पाठ करून देत होतो. त्यांना वाईट वाटलं का? वाटलं असेल. पण त्याहून जास्त त्यांना हे बघायचं होतं की अशा आणखी किती सवयी आपल्याजवळ कायदा म्हणून पडल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला उत्तर सांगितलं नाही. सीमेजवळ जाऊन उभे राहा, एवढंच सांगितलं. वेगाची सेटिंग फक्त कोपऱ्यातल्या मशीनवर होती, म्हणून सगळे तिथं गोळा झाले. मागची मुलं बाकांवर चढली. वकिलिणीनं प्रोग्रॅम चालवला, मध्येच रोखला आणि मागं जाऊन उणे आकडे मोठ्यानं वाचले.

चिमणी म्हणाली, "कंटाळलं ते, बाई. शून्याहून मोठा आहेस का, मोठा आहेस का, दर वेळी हो. मग म्हणालं, जा, विचारत नाही."

"पण विचार असं मी लिहिलंय," वकिलीण म्हणाली. "मला न सांगता काढलंच कसं?"

"तुझा आकडा उणे होणार नाही असा भरवसा ठेवला त्यानं," चिमणी म्हणाली.

"मी कुठं भरवसा ठेव म्हटलं होतं?"

वर्गात वाद पेटला. बाई मधे पडल्या नाहीत. फक्त कुणी चुकीच्या रस्त्याला लागलं की एखादा प्रश्न टाकायच्या. वाद जरा निवल्यावर मागून प्राचार्यांचा आवाज आला. "मग यात चूक कोणाची?"

सगळे वळले. बाईंना ठाऊक होतं, इथं काहीतरी गोल गोल बोलता येतं. टूलची, असं म्हटलं तरी प्राचार्यांना चाललं असतं. किंबहुना आवडलंच असतं.

"लिहिणाऱ्याची, सर," त्या म्हणाल्या. "आकडा सीमेपलीकडे जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. मला तो काल कळला."

"काल?"

"काल."

"आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं मी शिकवत होते की तिथं आकडा उलटतो. तो उलटायचाही. पण उलटेलच असं कुठं लिहिलेलं नाही."

प्राचार्यांनी घड्याळ बघितलं, आणि घंटा झाली. ते उठून व्हरांड्यात गेले, बाईही मागोमाग गेल्या. नवे सर दारातच उभे होते. प्राचार्यांनी त्यांनाच आधी विचारलं, "तुम्ही हा धडा कसा घेतला असता?"

"मी कालच सांगून टाकलं असतं, सर."

"म्हणजे वेळेत संपला असता."

"हो. वेळेत संपला असता," सर म्हणाले, आणि वळून आत, कोपऱ्यातल्या घोळक्याकडे बघू लागले.

प्राचार्य व्हरांड्याच्या कठड्याला टेकले. खाली प्रवेशाच्या खिडकीपुढे रांग लागली होती. ते तिच्याकडे बघत राहिले. "मी विचार करत होतो, तुम्हाला तिथं बसवलं तर काय होईल. एखादा माणूस फॉर्म घेऊन येणार, आणि तुम्ही त्याला विचारणार, हा रकाना इथंच का आहे. रांग पुढेच सरकायची नाही." त्यांनी कठड्यावरचा हात काढला. "पहिलं वर्ष तुम्ही घ्या. मात्र धडे मला लेखी लागतील, आणि निळा सगळ्या मशीनांवरून काढायचा. तुम्ही स्वतः."

"काढते," बाई म्हणाल्या.

त्या परत खोलीत आल्या तेव्हा मधली सुट्टी सुरू झाली होती, तरी कोपऱ्यातल्या मशीनभोवती घोळका तसाच होता. वकिलिणीनं प्रोग्रॅम पुन्हा चालू केला होता आणि या वेळी कुणी रोखला नव्हता. उणे आकडे धावत होते.

"बाई, हे एक एक मिळवतंय ना अजून?" चिमणीनं विचारलं. "म्हणजे उणे कमी कमी होत जाणार. मग हे कधीतरी शून्याला पोचेल."

"पोचायला हवं."

"आणि शून्यावर थांबेल?"

बाई वाकून पडद्यावरचे धावते आकडे बघू लागल्या. मागून नवे सर आले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मुलांनो, मशीन सोडा आता. मला काम आहे."

"दुसऱ्या मशीनवर करा ना, सर," बाई म्हणाल्या. "हे चालू राहू दे."

"बाई, शून्याला पोचायला परवा उजाडेल."

"उजाडू दे," बाई म्हणाल्या, आणि एक स्टूल ओढून मुलींच्या मधे बसल्या.